नाक, घागर आणि एक ‘वा’

माझं नाक डावीकडे वाकलेलं आहे आणि त्याला माझी मराठी कारणीभूत आहे. (भौतिकशास्त्राचा यात काहीही दोष नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तसा संशय येईल.)

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी पुण्याहून मद्रासला एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला गेलो. माझी बायको कमला मूळची तंजावरची. घरात मराठी बोलायची, पण ती जुन्या बखरीतली. बाहेर अस्खलित तमिळ. मला तमिळ येत नव्हतं. कॉलेजात सगळं इंग्रजीत चाले, त्यामुळे अडलंही नव्हतं.

अडलं ते रविवारी. टी. नगरच्या आमच्या घरी मी शेजारपाजारच्या मुलांसाठी विज्ञानाचा वर्ग सुरू केला. आधी पाच मुलं होती, दोन महिन्यांत तीस झाली. मी इंग्रजीत बोलायचो आणि कमला दारात बसून सगळं तमिळमध्ये सांगायची. फक्त कुणी छान उत्तर दिलं की मी “वा!” म्हणायचो, तेवढं मात्र ती कधी सांगायची नाही. मला वाटायचं, कौतुकाला काय भाषा लागते?

आणि काय सांगू, “वा” म्हटलं की ते मूल उठून थेट माझ्यापाशी येऊन उभं राहायचं. मी डोक्यावर हात ठेवायचो, मग ते खुशीत जागेवर जायचं. मी भारावून आईला पत्र लिहिलं, ‘इकडे बरोबर उत्तर दिलं की मुलं गुरूच्या पायाशी येतात. हे संस्कार आपल्याकडे राहिले नाहीत.’ आईने ते पत्र अख्ख्या आळीला वाचून दाखवलं.

तीस मुलं म्हणजे साठ पाय. घरात बसायला जागा उरेना. मुलांना रविवारी कॉलेजची प्रयोगशाळा मिळाली तर वर्ग टिकणार, नाहीतर बंद, अशी वेळ आली. परवानगी आमचे विभागप्रमुख वरदाचारी देणार होते. (‘आचारींनी बोलावलंय’ असं मी पुण्याला कळवलं तेव्हा आईने उलट विचारलं, “जेवण कोण करतंय, मग?”) वरदाचारी कधी हसत नसत. ते म्हणाले, “आधी तुमचा वर्ग बघतो.”

मी ठरवलं, लंबकाचा प्रयोग करायचा. दिवाणखान्यातला झोपाळा काढला आणि त्याच्या कडीला दोरीने कमलाची पितळी घागर टांगली, पाणी भरून.

“माझ्या माहेरची आहे,” कमला म्हणाली. “पोचा येता कामा नये.”

“अगं, ती कशालाही लागणार नाही. निसर्गाचा नियमच आहे तसा.”

रविवारी वरदाचारी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मी भिंतीला पाठ लावून घागर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढली. “आता सोडतो. परत येईल तेव्हा माझं नाक फुटेल का?”

“फुटेल,” एकोणतीस मुलं आनंदाने म्हणाली. मी घागर सोडली.

आणि पद्मा बोलली. शेजारची दहा वर्षांची पद्मा दोन महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती, नुसती मागे बसून बघायची. पुटपुटली काहीतरी. कमलाने सांगितलं, “ती म्हणते, सोडली त्याहून वर ती कशी जाईल?”

माझा ऊर भरून आला. मी अगदी मनापासून म्हणालो, “वा!”

पद्मा उठली आणि सरळ माझ्याकडे चालत निघाली. पलीकडून घागर निघाली होतीच. मी झेप घेतली, पद्माला बाजूला ढकललं आणि मुक्कामाच्या दीड हात अलीकडेच घागरीला भेटलो.

पद्माला खरचटलंही नाही. घागरीला पोचा आला. नाकाचं सांगितलंच.

वरदाचारी शांतपणे उठले. “चालत्या लंबकात मुलीला का बोलावलंत?”

“बी दाही बोलावलं,” मी नाक धरून म्हणालो.

“तुम्ही ‘वा’ म्हणालात. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’.”

मी कमलाकडे बघितलं. ती ओलं फडकं घेऊन आली होती. “तुम्हांस ठाऊक नव्हते? मज वाटले, तेवढे एक तमिळ तुम्ही शिकलात.” मग फडकं माझ्या नाकावर ठेवत म्हणाली, “जेवताना रसम प्यालात की ‘वा’ म्हणता, तेव्हा मीही येतेच की वाढायला.”

रोज तीन वाट्या रसम का प्यावं लागतं, ते त्या क्षणी उलगडलं. मी ते प्रेम समजत होतो. (तेही होतंच. पुढेही तिने ते तसंच चालू ठेवलं.)

आता वर्ग गेला, असंच मी धरून चाललो. वरदाचारी चपला घालता घालता म्हणाले, “पंचवीस वर्षं शिकवतोय. माझ्याजवळ बोलावूनही कुणी असं आलं नाही. किल्ली उद्या घेऊन जा.” आणि चक्क हसले.

पुढच्या रविवारी प्रयोगशाळेत पद्माने पुन्हा अचूक उत्तर दिलं. मी शहाणा झालो होतो. खणखणीत आवाजात म्हणालो, “शाबास!”

ती जागेवरच बसून राहिली. डोळे भरले. “सार, तप्पा?” म्हणजे, चुकलं का?

मी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं, आजूबाजूला काही हलत नाही ना बघितलं आणि म्हणालो, “वा.” ती आली. तिच्यामागून उरलेली एकोणतीसही आली, उत्तर न देताच.

तो प्रयोग मी पुढे तीस वर्षं करून दाखवला. लंबक सोडला की तोंड घट्ट मिटून उभा राहायचो. विद्यार्थी एकमेकांना सांगायचे, सरांची एकाग्रता बघा!