आक्काला सून दिली नाही

आमच्यात लग्न ठरवताना पहिला हक्क आत्याचा. भावाच्या घरात पोरगी जन्मली की बहीण म्हणते, ही माझी सून. मग त्या पोरीला दुसरं स्थळ बघायचं झालं तरी आधी आत्याच्या कानावर घालावं लागतं. माझी पोरगी जन्मली तेव्हा माझी थोरली बहीण, आक्का, कागलहून बाळंतविडा घेऊन आली आणि तेवढं बोलूनच गेली. तिचा पोरगा तेव्हा दारात चड्डी सावरत पळत होता. मीही व्हय म्हणालो. असल्या वेळी कोण नाही म्हणतंय?

आई लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं. तिनं शाळा बघितली ती मला कडेवर घेऊन सोडायला जाताना. मी चौथी झालो आणि पुढं कोल्हापुरात फौंड्रीत लागलो. वाळूचे साचे करायचे, त्यात लोखंड ओतायचं. कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता, पण साहेब लोक आपसात इंग्रजी बोलायला लागले की मी भट्टीकडं तोंड करायचो. त्या ईर्षेनं पोरीला शिकवलं. बी.एस्सी. झाली, म्हणाली पुढं शिकते. म्हटलं शीक. हे नव्वद सालानंतरचं. गल्लीतली माणसं म्हणायची, एवढी शिकवून तोडीचा नवरा कुठनं आणणार? मी म्हणायचो, तुमच्या दारात मागायला येणार न्हाय.

भाचा दहावीला बसला, नापास झाला, पुन्हा बसला आणि मग थांबला. पोरगा वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहितो. सुपारीचं व्यसन नाही. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या आणि दिवसभर उसात राबायचं. आमच्याकडं आला की न सांगता कौलांवर चढायचा, फुटकी कौलं बदलून खाली उतरायचा, मग चहा घ्यायचा.

पोरगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना आक्का खण-नारळ घेऊन आली. म्हणाली, आता पुरं झालं शिक्षण, तारीख काढू. मी आत गेलो आणि पोरीला विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"तो चांगलाच हाय, आबा. पण सांजच्याला दोघं बसल्यावर आम्ही बोलायचं काय?"

माझी बायको शाळेत गेलेली नाही. आम्ही बोलतो ते मीठ संपलं, पाणी आलं, अमक्याकडं बारसं आहे. आम्हाला ते कधी कमी पडलं नाही. पोरीला पडलं असतं.

बाहेर येऊन मी आक्काला नाही म्हणून सांगितलं. तिनं आधी हसण्यावारी नेलं. मग विचारलं, माझ्या पोरात खोट काय? खोट नाही, म्हणालो, शिक्षण जुळत नाही.

"आणि तू रं किती शिकलास? तुझ्या चौथीवर तुला बायको मिळालीच की."

"तवा पोरीबी शाळंत जात नव्हत्या, आक्का."

"मग शिकीवलीस कशाला? माझ्यापासनं तोडायला?"

नारळ तिनं पिशवीत परत घातला. बायकोनं आणलेला चहा तसाच निवला.

आमच्या वेळी पाहुणे आले की घर, रान आणि कूळ बघायचे. आता पहिला प्रश्न, शिकलाय किती. हे आमच्यातच नाही. गल्लीतल्या लिंगायत दुकानदाराच्या घरात तेच आणि पलीकडच्या बौद्ध मास्तरांच्या घरातही तेच. मास्तर एकदा दारात उभं राहून म्हणाले, "जातीच्या आत आता शाळंची एक जात झालीया." हसत म्हणाले, पण त्यांचीही शिकलेली पोरगी तेव्हा बिनलग्नाची घरातच होती.

माझ्या पोरीला पुण्यातला इंजिनियर मिळाला. लग्नाला आक्का आली नाही. पोरगी सुखात आहे. पुण्याला गेलो की व्याही मान देतात, पण थोडा वेळ बोलून झालं की माझ्यापुढं पेपर सरकवतात. संध्याकाळी नवरा-बायको बोलत बसतात. मीही बसतो. निम्मं कळतं.

तिकडं भाच्याला पोरगी मिळेना. कागलच्या आसपास ज्या त्या घरात पोरगी बारावी झालेली, नाहीतर डी.एड. दहावी नापास म्हटलं की बोलणं बघण्यापर्यंत जायचंच नाही. वर्षं गेली, भाच्याच्या कानशिलावर पांढरं दिसायला लागलं. शेवटी सीमेपलीकडची, कानडी बोलणारी, थोडीफार शिकलेली एक पोरगी ठरली. आम्हाला पत्रिका आली ती कुणाच्या तरी हाती. घरी येऊन अक्षत दिली नाही. बायको म्हणाली, असल्या बोलावण्यावर जाऊ नका. मी म्हणालो, भाच्याच्या लग्नाला मामानं बोलावण्याची वाट बघायची नसते. फेटा बांधला, मामानं भाच्याला द्यायचे कपडे पिशवीत घातले आणि एस.टी. धरली.

अक्षता पडताना नवऱ्याच्या पाठीशी मामा उभा राहतो. मी चप्पल काढून पुढं गेलो. तिथं आमचा एक चुलतभाऊ फेटा बांधून आधीच उभा होता. त्यानं मला बघितलं, मान खाली घातली, पण जागा सोडली नाही. भटजींनी सुरुवात केली. मी माघारी येऊन खुर्चीत बसलो आणि तिथनंच अक्षता टाकल्या. पिशवी मांडीवरच राहिली.

जेवणाच्या पंगतीत आक्का कोणाला काय हवं-नको बघत फिरत होती. फार थकली होती. माझ्यासमोर आली तेव्हा मी म्हणालो, "पोरगी चांगली बघितलीस, आक्का."

रस्त्यात वाट विचारणाऱ्या परक्यालाही आम्ही पावणं म्हणतो. आक्का त्याच आवाजात म्हणाली,

"जेवून जावा, पावणं."

आणि वाढप्याला बुंदी आणायला सांगून पुढच्या पानाकडं वळली.

पोरगी दिली नाही ते चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. त्या दिवशी बुंदी पानात तशीच ठेवून मी उठणार होतो. पण आक्का पंगतीच्या टोकाला उभी राहून माझ्याकडंच बघत होती, म्हणून मी वाढप्याला हाक मारली आणि आणखी वाढून घेतली.