तिरकं रिव्हेट

दुसऱ्या महायुद्धात मी इंग्रजांच्या फौजेत मेकॅनिक होतो आणि माझा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. आफ्रिकेच्या वाळवंटात दोघेही एकाच कंपनीत. माघारीच्या दिवशी मी परत आलो; जे ट्रक मागेच राहिले त्यांत त्याचाही होता. पुढे गावी सरकारी कागद आला. त्यात ‘बेपत्ता’ लिहिलं होतं. मेला असं लिहिलं नव्हतं.

त्या एका शब्दावर वहिनीने चाळीस वर्षं कुंकू लावलं. बारा वर्षं झाली तेव्हा भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायला आता हरकत नाही. तिने एवढंच विचारलं, "कोणी बघल्यान डोळ्यांनी?" कोणीच पाहिलं नव्हतं. तो विषय तिथेच संपला. मूलबाळ नव्हतं. ती आमच्याच घाटकोपरच्या खोलीत राहायची. दर वटपौर्णिमेला नवी साडी नेसून निघायची आणि मला ते बघवत नसे. काय ते एकदाचं ठरू दे, असं वाटायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. पण गाडी ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन.

ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या चाळीतला एक वेल्डर लिबियात पाइपलाइनच्या कामाला लागला होता. पहिल्या सुट्टीवर आला तो फोटोंचं पाकीट घेऊनच माझ्याकडे आला. वाळूत रुतलेल्या लढाईतल्या गाड्या. चाकं गेलेली, टप उडालेले.

"काका, ही कुठली? आमचा इंजिनियर म्हणतो, स्टेअरिंग उजवीकडे म्हणजे इंग्रजांचीच."

"तुझ्या इंजिनियरला म्हणावं, परत शाळेत जा. इटलीवाल्यांच्या ट्रकचंसुद्धा उजवीकडेच असायचं. चाक बघ रे, चाक!"

"च्यायला काका, तुम्ही तर चालतं-बोलतं गॅरेज निघालात!"

मी फुललो. एकेक फोटो उचलून पटापट सांगत सुटलो. ही जर्मन, ही आमची तीन टनी, हिचा तर नुसता सांगाडा उरलाय. असं करता करता एका फोटोवर हात थांबला. आमच्याच जातीचा ट्रक, केबिन जळून काळी पडलेली. ड्रायव्हरच्या दाराखाली लोखंडी पट्टीचा चौकोनी कप्पा. पाण्याचा डबा ठेवायला भावासाठी मी तो बनवला होता. तीन रिव्हेटं सरळ, चौथं तिरकं, कारण तिथे पाय ठेवायच्या फळीच्या आड ड्रिल नीट पोचायचं नाही.

वेल्डर म्हणाला, "नंबर बघून येऊ का पुढच्या वेळी? वाळूने रंग गेलाय, पण घासलं तर दिसेल."

"नंबर बघायला मी काय आर.टी.ओ. आहे? माझ्या हातचं काम आहे ते."

वहिनी तांदूळ निवडत होती. फोटो तिच्यापुढे धरला. तिने बोट लावून ती काळी केबिन बघितली. घरात आम्ही मालवणीच बोलायचो. तिने विचारलं, "खात्री आसा मां, भावजी?"

"माझ्या हातचा काम माका वळखूक येवचा नाय काय?"

तिने सूप बाजूला ठेवलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं.

नाशिकला जाऊन मी पुतळ्याला अग्नी दिला, पिंड घातले. दहाव्या दिवशी तिने मंगळसूत्र काढून माझ्या बायकोच्या हातात दिलं. मला वाटलं, सुटली बिचारी.

पुढच्या वर्षी वेल्डर परत आला तो हसत. "काका, झकास जागा सापडली! तुमच्या गाडीच्या पलीकडे टेकाडामागे आणखी चार आहेत. आणि चौघींनाही तुमचा तो कप्पा!"

फोटो घेतले. चारही ठिकाणी चौथं रिव्हेट तिरकं.

तेव्हा आठवलं. भावाचा कप्पा बघून दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरांची रांग लागली होती. आठवडाभर मी तेच केलं. सगळे शाबासकी देत होते आणि मला ते फार आवडलं होतं. पण चाळीस वर्षं भावाची आठवण काढताना त्याचा एकट्याचाच कप्पा डोळ्यांपुढे राहिला, बाकीचे मी कधी पुसून टाकले ते कळलंच नाही. जळलेली गाडी कोणाचीही असेल. नंबर? पहिली गाडी तोवर भंगारवाले उचलून घेऊन गेले होते.

चार दिवस मी जेवलो नाही. मग वहिनीला सांगितलं. माफी मागितली नाही. तशी सवय नव्हती.

ती म्हणाली, "तेव्हाच इचारलेलंय मी तुमका."

"मग लावा परत. कोण काय बोलता बघतंय मी."

"पुसलेला परत लावूक ती काय पाटी आसा?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. भाजी काय आणायची, पाणी कधी येणार. वटपौर्णिमेला दार ओढून आत बसायची. दोन वर्षांनी तापाचं निमित्त झालं आणि गेली.

चाळीतल्या बायका तिला न्हाऊ घालायला जमल्या. बायकोने मला बाहेर येऊन विचारलं, "काय नेसवूचा?"

मी म्हणालो, "हिरवा नेसवा. मळवट भरा."

ती म्हणाली, "आणि नाशकाक अग्नी दिल्यात तो कोणाक?"

माझ्या घरात माझा शब्द कधी कोणी परतवला नव्हता. भांडायला म्हणून मी उठलो आणि पुन्हा खाली बसलो. बायको आत गेली आणि ट्रंकेतून पांढरं लुगडं काढलं.