पलीकडच्या घराची भिंत

रॉकवुल, म्हणजे दगडाची लोकर, अंगाला लागलं की खाजवायचं नसतं. नव्या माणसाला हे पटत नाही. तो दुपारपर्यंत मान लालभडक करून घेतो, घरी जाऊन कढत पाण्याने आंघोळ करतो आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायच्या गोष्टी करतो. गार पाणी नुसतं ओतायचं, चोळायचं नाही, हे मी पावणे गावातल्या आमच्या कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण ते विसरतो. पालथ्या घड्यावर पाणी.

आम्ही इमारतींसाठी पॅनेल बनवतो. दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या जाड लाद्या येतात, त्यांच्या पट्ट्या कापायच्या, पट्टी कुशीवर उभी करायची, वरखाली गोंद लावलेला रंगीत पत्रा आणि मग प्रेस. तंतू उभे असले तरच पॅनेलला ताकद येते. दोन पट्ट्यांमध्ये फट मात्र राहता कामा नये. फटीतून उष्णता जाते, आग जाते, आवाज जातो. लाइनवर मी ओरडतो तो ह्या एकाच गोष्टीवरून, आणि त्यामुळे माझ्या पाठीमागे मला काय काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

बायको मला दारातच अडवायची. "अहो, मेंढरं बाहेर सोडा आधी, मग आत या." लोकर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे मेंढरंच. मी पॅसेजमध्ये शर्ट झटकायचा, तिने माझे कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे आणि मग चहा, असा आमचा क्रम होता. आम्हाला मूल नव्हतं. दोन माणसांच्या घरात बोलणं लवकर संपतं म्हणतात, पण तिचं कधी संपलं नाही, कारण तिला पलीकडचं घर होतं.

आमची ए विंग. बेडरूमच्या भिंतीला लागून बी विंगचा फ्लॅट. जिना वेगळा, लिफ्ट वेगळी, गेटही पलीकडच्या गल्लीत. त्यामुळे ती माणसं आम्ही कधी पाहिलीच नाहीत. भिंत अर्ध्या विटेची. भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या बिल्डरने तिला तोंडही दिलं होतं. तिकडे नवरा, बायको आणि लहान मुलगी होती. नवऱ्याला सकाळी मोजे सापडत नसत. मुलगी सतराच्या पाढ्याला अडली की माझी बायको इकडून मोठ्याने पुढचा आकडा सांगायची, आणि तिकडून आधी गप्प, मग हसू. "आज त्यांच्याकडे भांडण झालंय, कुकर आपटला तिने," असा अहवाल मला रोज जेवताना मिळायचा. मी म्हणायचो, "तू त्यांच्याकडेच राहायला जा." ती म्हणायची, "आहेच की मी."

मागच्या थंडीत ती गेली. ताप, मग हॉस्पिटल, मग संपलंच. लोक आले, बसले, दिवस झाले, लोक गेले. आवाज मात्र राहिले. सकाळी मोजे शोधणं चालूच, मुलीचे पाढे चालूच. तो नवरा कशावर तरी हसायचा आणि बायको त्याला दटावायची, आणि मी इकडे पलंगावर बसून रागाने उशी कानावर दाबून धरायचो. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. पण नांदतं घर कानाशी घेऊन एकट्याने बसणं मला सहन होईना. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा.

मग मी तेच केलं, जे माझ्यासारख्या माणसाला सुचतं. कारखान्यात पत्र्याला ओरखडा पडलेली पॅनेलं बाजूला पडून असतात. साहेबांना विचारून ती घेतली, कंपनीच्या टेम्पोतून आणली. सेक्रेटरी म्हणाला, "काका, कोल्ड स्टोरेज काढताय काय?" सुट्टीचा दिवस लावून मी आख्खी भिंत झाकली. दुसरा कुणी असता तर कडेला बोटभर जागा सुटली असती. माझ्या हातून सुटत नाही. छताशी, फरशीशी, स्विचबोर्डाच्या भोवती तुकडे ठासून भरले, वरून सिलिकॉन मारलं. पांढरा पत्रा, सरळ रेषेत सांधे. काम इतकं सफाईदार झालं की बायकोला दाखवायला हाक मारणार होतो.

शांतता झाली. पहिले काही दिवस मी झोपलो. मग ती शांतता घरभर पसरली. पंख्याची घरघर आणि माझं गिळणं, एवढंच ऐकू यायचं. कारखान्यात गिऱ्हाइकांना दाखवायला पॅनेलची एक खोली आहे. साहेब दार लावून विचारतात, "काय, आहे की नाही शांत?" पूर्वी मीही कौतुकाने आत उभा राहायचो; आता बाहेरूनच दार लोटून देतो. घरी मी कुकर लावायला लागलो, भूक नसताना, शिट्टीसाठी. एकदा माझा मीच म्हणालो, "मीठ कमी झालंय," आणि माझाच आवाज ऐकून दचकलो.

तेव्हा ठरवलं. मला ती माणसं परत हवी होती, भांडणासकट. रविवारी सकाळी स्क्रू काढले, पॅनेलं एकेक करून हॉलमध्ये नेऊन ठेवली, अंगभर खाज घेऊन भिंतीशी बसलो. काहीच नाही. गावाला गेले असतील म्हटलं. पण आठवडा गेला तरी ना मोजे, ना पाढे.

पुढच्या रविवारी मी गल्लीला वळसा घालून बी विंगमध्ये गेलो. त्या जिन्यावर मी पहिल्यांदाच चढत होतो. फ्लॅटचं दार उघडं, आत रंगारी, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घरमालकीण बसलेली. इथल्याच गावातली, वयस्कर, हातभर हिरव्या बांगड्या.

"कोन पायजे?"

मी म्हणालो, मी पलीकडच्या विंगचा, ह्या भिंतीमागचा. इथले लोक?

"गेली ती. पुन्याला. लय महिनं झालं." मग तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी त्या काकूंचे मालक काय? ती पोरगी सारखी माझ्याकं ईचारायची, मावशी, भिंतीमागच्या काकू बोलत का न्हाईत हो? आजारी हायत का? मी बोलले, मला काय ठाव, जाऊन बघ. तर तिला लाज वाटायची, वलख ना पालख. जायच्या आदल्या दिवशी भिंतीवर ठोकत बसलेली. लय वेल ठोकलंन. बोलली, मावशी, निदान येते म्हनून सांगायचं व्हतं त्यांना."

माझ्या बायकोच्या नसण्याची चौकशी करणारं एक माणूस होतं, तिला न पाहता तिच्यासाठी झुरणारं, हातभर अंतरावर.

"मंग उत्तर का न्हाई दिलं तुमी?" घरमालकिणीने विचारलं. "घरात नव्हता काय?"

"घरातच होतो," मी म्हणालो.