कोथिंबीर कुठे आहे

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे टाळणं सोपं गेलं.

मुलीने मला अमेरिकेत बॉथेलला बोलावून घेतलं आणि माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला. कार्डाला वेळ होता, पण वर्क परमिट आधी आलं. मुलगी-जावई ऑफिसला गेल्यावर भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून मी देशी किराणा दुकानात रॅकवर भाजी लावायला जाऊ लागलो. सगळं कायदेशीर होतं. मराठी मंडळात मात्र मी 'थोडं कन्सल्टिंग करतो' असं सांगून ठेवलं होतं. पाटबंधारे खात्यातला निवृत्त कार्यकारी अभियंता भेंडी निवडतो, हे अमेरिकन सरकारला चालत होतं. मला चालत नव्हतं.

दुकानाच्या मागच्या स्वयंपाकघरात सांगलीच्या एक बाई पोळ्या लाटायच्या. त्याही मुलाकडे आलेल्या, त्याही कार्डाची वाट बघत असलेल्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो.

"भाऊ, एवढी धरणं बांधली म्हणता, अन् कोथिंबिरीवर पाणी किती मारायचं कळंना व्हय?"

त्या गावात माझी अशी चेष्टा करणारं दुसरं कुणी नव्हतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष बायकोला घेऊन दुकानात शिरले. मी एप्रन काढून बटाट्यांच्या पोत्यामागे कोंबला आणि बास्केट उचलली.

"अरे काका! तुम्ही पण शॉपिंगला?"

"हो, मोदकांचं सामान."

तेवढ्यात ताई पोळ्यांची पाकिटं घेऊन बाहेर आल्या. "भाऊ, एप्रन कुठाय तुमचा?"

मी त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "एक्सक्यूज मी, कोरिअँडर कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे, मग माझ्या हातातल्या बास्केटकडे.

"त्या कोपऱ्यात, साहेब. ताजी आहे. सकाळीच लावलीय."

नोकरीत असताना सगळे मला साहेबच म्हणायचे. कधी लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात एकट्या जेवू लागल्या. बोलणं तुटलं नाही, पण मी साहेबच राहिलो. पुढे माझं ग्रीन कार्ड आलं आणि मी काम सोडलं. मग एकदा मुद्दाम गिऱ्हाईक म्हणून पोळ्यांच्या काउंटरवर गेलो. ताई, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. गाडीत ते पाठही केलं होतं.

"किती देऊ, साहेब?"

"दहा," मी म्हणालो.