ओझं घेऊन शोरूमला

गाड्यांचा विषय निघाला की आमच्या टोळक्याला घरची आठवण राहत नाही. एक किस्सा संपायच्या आत दुसरा स्टार्ट झालेला असतो. हल्ली जमणंच कमी झालंय, त्यामुळे जुनेच पुन्हा पुन्हा सांगतो आणि पुन्हा पुन्हा हसतो.

आम्ही चौघं. मी महाडच्या कोर्टात क्लार्क. दिल्या शाळेत मास्तर. नित्या मुंबईहून परत आलेला, म्हणून निम्मा हिंदीत बोलतो. आणि आमच्याहून बरेच मोठे अण्णा, उमरठच्या वर एका वाडीत शेती करतात. भातकापणी झाली की कोरड्या खाचरात, स्वतःच्या जुन्या गाडीवर अण्णांनीच आम्हाला शिकवलं. बांधावरून आपटलो की आधी गाडीला काय लागलं ते बघायचे, मग आम्हाला! फार सुखाचे दिवस होते ते.

यंदा अण्णांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. वाडीचा शेवटचा चढ मातीचा, नुसते दगडगोटे. गाडी नाही म्हणजे वाडी सोडायची आणि मुलाच्या कळंबोलीच्या फ्लॅटमध्ये जायचं. अण्णा तिथे कसे राहतील, या विचाराने आमचा जीव तुटत होता. परवा आम्ही तिघं पोलादपूर स्टँडवर चहाला बसलो आणि तो विषय नको म्हणून जुने किस्से काढले.

*

पहिला नित्याचा. मुंबईहून आल्या आल्या त्याने व्हिडिओ बघून डांबरावर आणि मातीत दोन्हीकडे चालणारी उंच गाडी घेतली. मातीत पकड घेणारे बटण टायर, हातात ग्लोव्हज, सगळा थाट! रोजची धाव मात्र घर ते एमआयडीसी, सगळं डांबर. ते टायर डांबरावर असे घोंगावायचे, की नित्या दिसायच्या आधी गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची.

एकदा मी विचारलं, "ऑफ-रोड केलंस की नाही?"

"किया ना! सासऱ्याचं अंगण!"

*

दिल्याने नित्याचं बघून तसलीच घेतली. दिल्या उंचीने बेताचा. गाडीवर बसला की दोन्ही पाय हवेत! मग थांबायचं तर पाय टेकायला दगड लागायचा. चहावाल्याने टपरीसमोर त्याच्यासाठी एक दगड कायमचा ठेवला.

एके दिवशी तो दगड कुणीतरी ट्रकच्या चाकाला लावला. दिल्या आला, बघतो तर दगड गायब! बिचारा टपरीभोवती फेऱ्या मारत राहिला आणि ओरडत राहिला, "अरे, दगड कुठाय माझा!"

*

त्या दिवशी अण्णांनी नियमच काढला. "गाडी आरशात बगून घेऊ नका रे. रोज जे ओझं न्हेता, ते घेऊन शोरूमला या. मग निवडा."

माझी पाळी आली. माझं ओझं म्हणजे आई आणि गॅसचा सिलिंडर, गावी न्यायचा. दोन्ही घेऊन गेलो. सिलिंडर बघून मॅनेजर धावत आला, "साहेब, तो बाहेर ठेवा!"

आईला सगळ्यात उंच गाडीवर बसवलं. ती शोरूमच्या काचेतून बाहेर बघत म्हणाली, "अरे, हितनं तर रायगड दिसतोय! उतरव मला."

मी बुटकी गाडी घेतली.

*

हसत होतो तेवढ्यात अण्णांचा फोन. "उद्या शोरूमला या. गाडी घ्यायची हाय."

आमचा चहा तसाच राहिला. डॉक्टरांनी नाही म्हटलेलं, आणि हे गाडी घेतायत! दुसऱ्या दिवशी दिल्या समजावायची तयारी करूनच आला. अण्णांबरोबर त्यांची बायको, आमची काकी होती. काकी अंगणवाडीत काम करते. तिची स्कूटी डांबर संपतं तिथे, ओळखीच्यांच्या पडवीत असते. पुढचा चढ अण्णाच तिला मागे बसवून न्यायचे.

अण्णांनी सगळ्यात हलकी, बुटक्या सीटची गाडी काढायला लावली.

"अण्णा, आपकी स्टाइल को तो बडा इंजिन चाहिए," नित्या म्हणाला.

"माजी स्टाइल कोन इचारतंय?"

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "ओझं कुठाय?" आणि लगेच वाटलं, कशाला बोललो.

"आनलंय की," म्हणत अण्णा टांग टाकून मागच्या सीटवर बसले.

काकीने पदर कमरेला खोचला आणि ती पुढे बसली. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले. सेल्समन आमच्याकडे बघायला लागला. आम्ही एकमेकांकडे.

शोरूममागे मोकळा प्लॉट होता, एका कडेला मातीचा चढ. काकीने गाडी तिकडे वळवली. मध्यावर मागचं चाक सरकलं, माती उडाली, पण तिने थ्रॉटल सोडला नाही. ज्यांनी आम्हाला बांधावरून उड्या मारायला शिकवलं, ते अण्णा दोन्ही हातांनी तिचे खांदे घट्ट धरून ओरडत होते, "हळू गो! हळू!"

काकीने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"इतकी वरसं मी मागं बसून ह्येच सांगत व्हते. ऐकलंत कदी?"