उंदीर पडला नाही

मला एका जागी फार वेळ बसवत नाही. माझ्या सुना म्हणतात, आत्याबाईंच्या पायाला भिंगरी आहे. रात्री निजण्याआधी मी डब्यांमागे, पोत्यांमागे हात घालून बघते, तेव्हा तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत बापड्या. त्यांनी तो हिवाळा बघितलेला नाही.

निजामाचं राज्य होतं आणि आम्ही लातूरला राहत होतो. वडील सरकारी शाळेत मास्तर होते. घरात आई, मी आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी थोरली बहीण. तिला मी अक्का म्हणायची. अक्काचे दिवस भरत आले आणि तेव्हाच बाजारपेठेत उंदीर पडू लागले. उंदीर आपोआप मरून पडायला लागले की मागोमाग प्लेग येतो, एवढं तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सरकारी दवाखान्यात हैदराबादेकडचा एक डॉक्टर होता. उंच, वाळका, दखनी बोलायचा आणि मधूनमधून मोडकी मराठी. त्यानं चावडीपुढे माणसं गोळा करून सांगितलं, थोड्याच दिवसांत माणसं पडायला लागतील, गाव सोडा. "घरात चूहा मेला तर दवाखान्यात बोलना. छुपाना नक्को. चूहे समझे तो बीमारी किधर जारी, मेरे कू समझता."

वडिलांचा त्याच्यावर भारी भरवसा. शास्त्र शिकलेला माणूस आहे, म्हणायचे. आई म्हणायची, "शिकलेला असंल. पण बाळंतीण घेऊन घर सोडायचं म्हंजी काय असतंय, ते कुठं शिकलाय त्यो?"

तरी आम्ही निघालो. औशाच्या वाटेवर मामाचा मळा होता, तिथं मामानं कडब्याची खोप घालून दिली. आमची सगळी आळीच आजूबाजूच्या रानांत उतरली होती. आणि डॉक्टर म्हणाला तसंच झालं. पेठेत माणसं पडली. मळ्यातल्या बाया हात जोडून म्हणायला लागल्या, बरं ऐकलं डॉक्टरसाबाचं. त्या दिवसांत त्याचा शब्द म्हणजे देवाचा कौल होता.

अक्का खोपीतच बाळंत झाली. मुलगा झाला. पण थंडी अशी होती की दातावर दात वाजायचे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा, ओव्याची धुरी द्यायची, ही आमच्याकडची रीत. कडब्याच्या खोपीत शेगडी ठेवणं म्हणजे खोपीला काडी लावण्यासारखंच. बाहेर शेक द्यावा तर वारं. अक्काची कंबर धरली, अंगात कणकण राहायला लागली, आणि बाळ खोकायला लागलं. आईला दुसरं काही सुचेना. घरची मधली खोली, बिनखिडकीची, उबदार, तीच तिच्या डोळ्यांपुढं. बसता-उठता म्हणायची, "माझी पोरगी थंडीनं मरंल हितं. प्लेगाचं काय घेऊन बसलात?"

देव्हाऱ्यातले टाक घराबाहेर न्यायचे नाहीत, असा आमच्या घरचा दंडक. म्हणून रोज दुपारी आई मला घेऊन गावात जायची आणि दिव्यात तेल घालून परत यायची. ओसाड आळीतून चालताना मला आपल्याच पायांचा आवाज नकोसा व्हायचा. दिवा लागेपर्यंत मी दारातल्या दारात येरझारा घालायची.

एका दुपारी मधल्या खोलीत, ज्वारीच्या कणगीशेजारी, उंदीर पडलेला दिसला. आई क्षणभर उभी राहिली. मग तिनं मोडकं सूप आणलं, काटकीनं उंदीर सुपात ढकलला आणि मागच्या ओढ्यात नेऊन टाकला. मला म्हणाली, "हात लावू नको कशाला. चल."

यात लपवाछपवी आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. सगळी आळी हेच करत होती. दवाखान्यात कळवलं की सफाईचे जवान यायचे, ऊन आत यावं म्हणून माळवदाच्या छताला भगदाड पाडायचे, कणगी उपसून दाणे अंगणात ओतायचे, भिंतींवर उग्र वासाचं पाणी मारायचे आणि दाराला कुलूप ठोकून जायचे. पुढं ते घर कधी उघडतील त्याचा भरवसा नाही. सगळे रानात राहून विटले होते, पेठ बंद होती, हाताला काम नव्हतं. मग कोण कशाला कळवतंय? ज्यानं त्यानं आपला उंदीर ओढ्यात टाकला आणि हात धुतले.

माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळी मी वडिलांना सांगून टाकलं. ते बाहेर जाऊन बांधावर उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. सकाळी उठून ते तडक दवाखान्यात गेले. मला वाटलं, आता जवान येणार. दुपारी परतले ते उजळलेल्या चेहऱ्यानंच. डॉक्टर म्हणाला होता, गावात बऱ्याच दिवसांत उंदीर पडल्याची खबर नाही, बीमारी उतरली, आता घरी जायला हरकत नाही.

"अन् आपला?" मी विचारलं.

"एखादा असतो," वडील म्हणाले. "मांजरानं मारला असेल. डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

त्या वाक्याचा मला आजही राग येतो. डोळ्यांदेखतच्या उंदरापेक्षा त्यांना डॉक्टरचा शब्द मोठा वाटला, की तो शब्द त्यांच्या सोयीचा होता, हे मला अजून उलगडलेलं नाही. शास्त्रावर श्रद्धा ठेवणारा माणूस आपला उंदीर शास्त्राला न सांगताच परत आला होता.

बैलगाडीत गाद्या घालून आम्ही अक्काला घरी आणलं. मधल्या खोलीत शेगडी पेटली, ओव्याचा वास घरभर पसरला, आणि अक्का कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आई गुणगुणत होती. मी मात्र कणगीभोवती घुटमळत राहिले. आई दोनदा खेकसली.

चार-सहा दिवसांत अक्काला ताप भरला. आधी सगळे म्हणाले, दूध साकळलं असेल. मग जांघेत गाठ आली. मामा धावत आला आणि बाळाला उचलून मळ्यात घेऊन गेला. ते शेळीच्या दुधावर जगलं. अक्का गेली. त्याच आठवड्यात आळीतली आणखीही माणसं गेली, आणि गाव पुन्हा रानात पळालं.

अक्काचं दिवसकार्य झाल्यावर डॉक्टर मळ्यात आला. त्या काळी अंमलदार माणूस कुणाच्या दारात असा येत नसे. आळीतले पुरुष जमले. तो उभाच राहिला आणि म्हणाला, "मास्टरसाब, मेरा अंदाज गलत निकला. मैं बोला करके तुम लोगां गाव में गए."

कुणी मान वर केली नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकानं आपापला उंदीर टाकला होता. एकानंही तसं म्हटलं नाही, आणि माझे वडीलही त्यांच्यातच बसले होते. खोपीच्या आतून आई तेवढी बोलली. "तुमच्या शब्दावर आणली होती मी तिला." ती खोटं बोलत नव्हती. तो उंदीर तोवर तिच्या मनातून पार पुसला गेला होता. डॉक्टर हात जोडून निघून गेला. उन्हाळ्यात त्याची किनवटकडे बदली झाली.

त्यानंतर लोक दवाखान्याचं नाव निघालं की थुंकायचे. पुढच्या थंडीत नवा डॉक्टर प्लेगची लस टोचायला आळीत आला, तर दारं फटाफट लागली. आमचं दार वडिलांनी उघडलं. आईनं अक्काच्या लेकराला छातीशी घट्ट धरलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"एकाच्या शब्दापायी पोरगी घालवली. ह्याला न्हाई देणार मी."

नवा डॉक्टर तरुण होता. त्यानं सुई पुन्हा डबीत ठेवायला घेतली. वडील त्याला थांबा म्हणाले, आणि मग आईकडं बघून, त्या परक्या माणसासमोर बोलले, "त्याचा अंदाज चुकला नव्हता. उंदीर आपण टाकला होता. तू ओढ्यात टाकलास, आणि मी दवाखान्यात जाऊनसुद्धा सांगितला नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आई वडिलांकडं बघत राहिली. बाळ तिनं सोडलं नाही. त्याला एका कडेवर सरकवलं, दुसऱ्या हातावरचा चोळीचा काठ वर सारला आणि तो हात डॉक्टरपुढं धरला.

"आधी मला टोचा," ती म्हणाली. "माझं काय व्हतंय ते बघू. मग त्याचं."