एका बाजूचा स्क्रू

वडिलांना लकवा झाला तेव्हा मी पुण्याहून कळमनुरीला परत आले आणि नोकरीतलं काम घरूनच करू लागले. मायक्रोवेव्ह सर्किटं आखायची, हे माझं काम. त्यात पॉवर डिव्हायडर नावाचा भाग असतो. एका वाटेनं आलेला सिग्नल तो दोन वाटांत सारखा वाटून देतो. बोर्डावर तांब्याच्या नुसत्या दोन बारीक कमानी दिसतात, पण त्यातली एक जराशी जरी वेगळी झाली तरी वाटणी बिघडते.

हवामानाच्या रडारसाठी मी असाच एक डिव्हायडर आखला. पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यानं बोर्ड करून दिले. कंपनीच्या लॅबमध्ये मोजले, तर सगळ्यांची डावी वाट कमजोर. माझ्या कॉम्प्युटरवर दोन्ही बाजू अगदी सारख्या येत होत्या. मी साहेबांना कळवून टाकलं, दोष कारखान्याचा.

नमुन्याचा एक बोर्ड मी कुरियरनं मागवून घेतला. वडिलांनी उभा जन्म बाजारात रेडिओ दुरुस्त करण्यात घालवलेला. उजवा हात आता उचलला जात नव्हता. डाव्या हातात भिंग धरून ते बराच वेळ बोर्ड पाहत बसले.

"बाई, हा स्क्रू एकाच अंगाला काहून घेतला?"

"झाकण बसवायला. दुसरीकडं जागा नव्हती."

"कमानीच्या लई जवळ हाय. तुह्या कॉम्प्युटरला म्हाईत हाय का हा?"

माहीत नव्हता. स्क्रूची जागा मी शेवटच्या दिवशी घाईत ठरवली होती आणि हिशेबात तो धरलाच नव्हता. आता धरून पाहिला. डावी वाट कमजोर पडली, लॅबमध्ये पडली होती तेवढीच.

दोन दिवस मी कुणालाच काही कळवलं नाही. वडिलांनीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांना लिहिलं, चूक माझी आहे. मग कारखान्याच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, दोष आमचा असं कळलं त्याच आठवड्यात बोर्ड तपासणाऱ्या बाईंना मी कामावरून काढलं. अकरा वर्षं होत्या माझ्याकडे."

त्या बाईंचा नंबर मी मागून घेतला. त्या आता एका शाळेत स्वयंपाकाला जात होत्या. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. मालक परत घ्यायला तयार आहेत, हेही सांगितलं.

"तुम्ही फोन केलात, बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी घरी सांगत होते, माझ्या नजरेतून असं सुटणार नाही. कुणाला पटत नव्हतं. मलाही पटेनासं झालं होतं."

"मग परत जाल ना?"

"नाही. आता तिथं बसले तर प्रत्येक बोर्ड हातात घेताना भीती वाटेल."

नव्या आखणीत मी स्क्रू दूर नेला आणि दोन्ही वाटा सारख्या आल्या. साहेबांनी शाबासकी दिली. वडिलांना ती सांगावी असं मला वाटलं नाही. त्यांनी मात्र त्या बाईंचं काय झालं ते विचारलं; माझे फोन त्यांच्या कानावर पडले होते. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भिंग पुसून डबीत ठेवलं.